रेडिएशन विभागाचा संगणकी कारभार: पहिल्या नोंदवहीपासून जुन्या फाइलीपर्यंत

साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने निघालेले काका स्वारगेटला उतरतात, रिक्षा करून हॉस्पिटल गाठतात आणि खिडकीवर विचारतात, "माझा शेक किती वाजता आहे?" शेक म्हणजे रेडिएशनचा उपचार. प्रश्न साधा आहे. पण खरं उत्तर द्यायचं तर बरंच काही ठाऊक असावं लागतं. मशीन चालू आहे का, प्लॅनवर डॉक्टरांची सही झाली का, फिजिसिस्टची तपासणी उरकली का, सरकारी योजनेची मंजुरी आली का, आजचं कितवं फ्रॅक्शन (डोसचा एक हप्ता) आणि काल बीम (किरणांचा झोत) मध्येच थांबला होता त्याचा हिशेब लागला का. ही उत्तरं चार वह्या, तीन संगणक आणि एका ज्येष्ठ टेक्नॉलॉजिस्टचं डोकं यांत विखुरलेली असतात. ती एका जागी आणणारी व्यवस्था म्हणजे ऑन्कॉलॉजी इन्फर्मेशन सिस्टिम, आमच्या बोलण्यात नुसतं 'ओआयएस'.

मी मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे डोसचं गणित आणि मशीन तपासणारा. पुण्यात दोन वेळा ही प्रणाली बसताना विभागात होतो. एकदा कोऱ्या पाटीवर, एकदा जुनी काढून नवी. दुसरी खेप पहिलीच्या तिप्पट अवघड गेली. विक्रेत्याच्या पुस्तिकेत बटणं कुठे आहेत ते असतं, खातं कसं चालवायचं ते नसतं. म्हणून हे लिहितोय.

सगळ्या लेखाला एक सूत्र आहे: एकदा नोंदवलेला आकडा पुन्हा कुणी हाताने टाइप करू नये. ही हौस नाही. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला १९८२ साली प्लॅनिंगचा संगणक आला. अंतराची दुरुस्ती तो स्वतःच करत होता, पण जुन्या सवयीने माणसंही तीच दुरुस्ती हाताने करत राहिली. १९९१पर्यंत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि सुमारे हजार रुग्णांना ठरल्यापेक्षा कमी डोस गेला. ग्लासगोत २००६ साली याच्या उलट झालं. प्रणालीची नवी आवृत्ती बसल्यावर बहुतेक प्लॅन संगणकातून थेट मशीनकडे जाऊ लागले, मात्र मेंदू आणि कण्याच्या गुंतागुंतीच्या उपचारांसाठी कागदी फॉर्म चालूच राहिला. संगणकाने दिलेला आकडा रोजच्या पूर्ण डोसचा होता. तो एका ग्रेचा (ग्रे हे डोस मोजायचं एकक) समजून पुन्हा गुणला गेला. एका किशोरवयीन मुलीला वीसपैकी एकोणीस फ्रॅक्शन दीडपटीहून जास्त डोसची मिळाली. दोन्हीकडे मशीन ठणठणीत होतं. जुनी पद्धत आणि नवी पद्धत शेजारी शेजारी नांदत होत्या, तिथे घात झाला.

पायरी पहिली: आठवडाभर रुग्णामागे फिरा

डेमो बघायला जाण्याआधी हे करा. एक वही घ्या, नवा रुग्ण निवडा आणि ओपीडीपासून पहिल्या फ्रॅक्शनपर्यंत त्याच्यामागे चाला. मोल्ड रूममध्ये मास्क (रुग्ण हलू नये म्हणून घातलेला साचा), सीटी सिम्युलेशन (प्लॅनसाठीचं सीटी), काँटूरिंग (गाठ आणि अवयवांच्या कडा आखणं), प्लॅन, मंजुरी, क्यूए (प्लॅनची गुणवत्ता तपासणी), मशीनवरची वेळ. प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी लिहा: काय लिहिलं गेलं, कुणी लिहिलं आणि ते आधीच कुठून तरी उतरवलेलं होतं का.

आमच्याकडे एका रुग्णाचा नोंदणी क्रमांक पहिल्या फ्रॅक्शनपर्यंत अकरा वेळा हाताने लिहिला जात होता, त्यात मास्कवरच्या मार्करचाही समावेश. ते अकरा ठिपके कागदावर मांडले तेव्हा मीटिंगमध्ये दोन मिनिटं कुणी बोललं नाही. प्रणालीकडून काय हवं याची यादी त्या ठिपक्यांतूनच तयार होते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही मोजा. 'सर, बेड १२ चा प्लॅन झाला का' हा निरोपही एक नोंदवहीच आहे, आणि ती कुणाच्याच ताब्यात नाही.

पायरी दुसरी: नावं आणि क्रमांक

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो.

आपली नावं संगणकासाठी अवघड आहेत. आधारवर 'सुनीता विलास जाधव', हॉस्पिटलच्या प्रणालीत 'जाधव सुनीता व्ही', योजनेच्या कार्डावर माहेरचं आडनाव. रोमन अक्षरांत कुणी एक 'इ' लावतो, कुणी दोन. डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या मानकात नावाचे भाग ठरलेले असतात: आधी आडनाव, मग नाव, मग मधलं नाव. नोंदणीच्या खिडकीवर सगळं एकाच रकान्यात भरलं तर सीटीवर आडनावाच्या जागी 'श्रीमती' उतरतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

देवनागरीत नावं ठेवावीत का? मनातून ठेवावीशी वाटतात. डायकॉम युनिकोड चालवतं, पण साखळीतलं एखादं जुनं सॉफ्टवेअर ते वाचत नाही आणि नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. तेव्हा ओळखीचं नाव रोमनमध्ये ठेवा आणि रुग्णाला द्यायच्या चिठ्ठ्या, बोर्ड, एसएमएस मराठीत काढा. आमच्या मावशी बोर्ड वाचून रुग्णांना हाका मारतात, तिथे मराठीच हवं.

क्रमांक एकच, हॉस्पिटलचा. विभागाचा वेगळा 'आरटी नंबर' असेल तर तो शोधण्यापुरता दुय्यम रकान्यात ठेवा. आभा या सरकारी आरोग्य-ओळखीचा १४ अंकी क्रमांक नोंदवावा, पण मुख्य ओळख म्हणून वापरू नये. बऱ्याच रुग्णांकडे तो पहिल्या दिवशी नसतो.

फोटो सक्तीचा करा. एकदा सकाळच्या यादीत एकाच नावाच्या दोन बाई आल्या, दोघींचाही स्तनाचा कर्करोग, एकीचा डावा, दुसरीचा उजवा. नाव पुकारल्यावर चुकीच्या बाई उठल्या. पडद्यावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा जुळेना, म्हणून टेक्नॉलॉजिस्ट थांबला. तेव्हापासून आमच्याकडे फोटो, बारकोड आणि 'तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा' हे तिन्ही होतं. प्रश्न असा विचारायचा की उत्तर 'हो' येऊच नये. 'तुम्ही जाधवच ना?' म्हटलं की कान कमी ऐकणारे आजोबाही मान डोलावतात.

पायरी तिसरी: निवड आणि करार

बाजारात मोठी नावं मोजकीच: व्हेरियनची एरिया (ही कंपनी २०२१पासून सीमेन्स हेल्थिनियर्सकडे आहे), इलेक्टाची मोझेक आणि स्वीडनच्या रेसर्चची रेकेअर. खरं सांगायचं तर निवड बहुतेक वेळा लिनॅक (शेक देणारं मशीन) घेताना होऊन गेलेली असते. ज्याचं मशीन त्याची प्रणाली, असंच चालतं. दोन कंपन्यांची मशीन एकाच विभागात असतील तर मात्र जपून. डेमोला विक्रेत्याचा नमुना रुग्ण पाहू नका. आपल्याच विभागातला, ओळख पुसलेला एक प्लॅन घेऊन जा आणि म्हणा, हा माझ्यासमोर मशीनपर्यंत नेऊन दाखवा.

करारात चार गोष्टी लिहून घ्या. चाचणीसाठी वेगळा सर्व्हर. हा नसेल तर प्रत्येक नवी आवृत्ती थेट खऱ्या रुग्णांवर तपासावी लागते, आणि ते कुणी करू नये. हॉस्पिटलच्या प्रणालीशी जोडणीचा खर्च वेगळा न लावणं, कारण कोटेशनमध्ये तो शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो. एका वेळी किती जण लॉगिन करू शकतात. सकाळी नऊला डॉक्टर, फिजिसिस्ट, दोन मशीनचे टेक्नॉलॉजिस्ट आणि रिसेप्शन एकदम बसतात, आणि लायसन्स संपलं की पहिला बाहेर पडतो तो नेमका प्लॅन मंजूर करणारा. चौथी गोष्ट: करार संपल्यावर सगळा डेटा डायकॉममध्ये आणि वाचता येईल अशा तक्त्यांत परत मिळेल.

पायरी चौथी: जोडण्या

प्रशासकीय माहिती एचएल-सेव्हनच्या (हॉस्पिटलच्या प्रणालींची आपसातली ठरलेली भाषा) निरोपांतून येते, चित्रं आणि प्लॅन डायकॉममधून. निरोपांतले तीन कायम डोक्यात ठेवा: एझिरोफोर म्हणजे नवी नोंदणी, एझिरोएट म्हणजे माहितीत बदल, एफोर्टी म्हणजे दोन नोंदींचं एकत्रीकरण. पहिल्या दोन जोडण्या सगळे करतात, तिसरी राहते. मग मुख्य प्रणालीत दुबार नोंद एक होते, पण ओआयएसमध्ये प्लॅन एका क्रमांकावर आणि बिल दुसऱ्या क्रमांकावर अशी फाळणी टिकून राहते.

डायकॉमच्या बाजूला सीटी, प्लॅनिंग प्रणाली, ओआयएस, मशीन आणि पॅक्स (चित्रांचं कोठार) अशी साखळी असते. प्रत्येक कडीला एक एई टायटल (नेटवर्कवरचं नाव) असतं, जास्तीत जास्त १६ अक्षरांचं. एक तक्ता करून भिंतीला लावा: यंत्र, टायटल, आयपी पत्ता, पोर्ट. एका शनिवारी आमचा अर्धा दिवस गेला, कारण एका ठिकाणी आडवी रेघ होती आणि दुसऱ्या ठिकाणी तीच अक्षरांच्या पायथ्याशी.

रेडिओथेरपीच्या डायकॉममध्ये स्ट्रक्चर सेट (आखलेले अवयव), प्लॅन, डोस आणि उपचाराची नोंद या वेगवेगळ्या वस्तू आहेत. प्लॅन पोचला म्हणजे डोस पोचला असं नाही. चारही वस्तू पोचल्याची खूण वेगवेगळी तपासा. न्यूयॉर्कमध्ये २००५ साली प्लॅन साठवताना संगणक बंद पडला आणि मल्टिलीफ कोलिमेटरची (किरणांना आकार देणाऱ्या धातूच्या पानांची) माहिती साठलीच नाही. पानं उघडीच राहिली आणि तीन दिवस मोकळ्या बीमखाली उपचार झाला. अर्धवट साठलेली फाइल पूर्ण फाइलीसारखीच दिसते, हा तिथला धडा.

सर्व्हर कुठे ठेवायचा हाही प्रश्न याच पायरीवरचा. लिनॅकचे बंकर बहुधा तळघरात असतात, म्हणून सर्व्हरही तिथेच ढकलतात. जुलै २०२४मध्ये सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, ते पाहिलेल्या माणसाला पुण्यात तळघराबद्दल अधिक सांगायला नको. पहिला मजला, वेगळा यूपीएस, हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र. आणि सगळ्या संगणकांची घड्याळं एकाच वेळ-सर्व्हरला बांधा. नाहीतर सीटीच्या घड्याळानुसार प्लॅन स्कॅनच्या आधी झालेला दिसतो.

पायरी पाचवी: साचे

अवयवांची नावं एकसारखी नसतील तर प्रणाली नुसतं महाग कपाट होते. मज्जारज्जूसाठी एक डॉक्टर 'कॉर्ड' लिहितो, दुसरा 'स्पाइन', तिसरा 'एससी'. अमेरिकन मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेचा टीजी-२६३ अहवाल २०१८चा. त्यातली नावं १६ अक्षरांच्या मर्यादेत बसवलेली आहेत, तीच घ्या. सुरुवातीला कुरकुर होईल. पण दोन वर्षांनी 'सगळ्या रुग्णांच्या उजव्या पॅरोटिडचा (लाळग्रंथीचा) सरासरी डोस काढा' असं कुणी म्हणालं तर संध्याकाळपर्यंत काढता येईल.

प्रिस्क्रिप्शनचेही साचे करा: स्तनासाठी १५ फ्रॅक्शनांत ४० ग्रे, डोके-मानेसाठी ३३ ते ३५ फ्रॅक्शनांत ६६ ते ७० ग्रे, अशा नेहमीच्या मात्रा. साच्याबाहेरचं लिहायची मुभा असावी, पण तेव्हा प्रणालीने कारण विचारावं. कामांची साखळीही इथेच बांधायची: काँटूर झाला की प्लॅनचं काम आपोआप फिजिसिस्टच्या यादीत, मंजुरी आली की क्यूए. क्यूएच्या खुणेशिवाय मशीनवर फ्रॅक्शन उघडताच येऊ नये. ही अट ढिली करण्याची विनंती पहिल्याच आठवड्यात येते. ती मान्य करू नका.

पायरी सहावी: मशीनवरची पडताळणी

रेकॉर्ड अँड व्हेरिफाय म्हणजे गँट्री (मशीनचा फिरता हात), जॉ (झोताची रुंदी ठरवणारे जबडे), पानं आणि टेबल प्लॅनप्रमाणे आहेत ना हे बघून मगच बीमला परवानगी देणारा पहारेकरी. त्याला किती चूक चालेल ते सहिष्णुतेच्या तक्त्यात भरतात. टेबलाला खाचेत अडकवलेला मास्क असेल तर तक्ता घट्ट ठेवता येतो; पोट आणि ओटीपोटासाठी थोडा सैल. सगळ्यांना एकच तक्ता लावला तर पहारेकरी सारखा भुंकतो, आणि सारखा भुंकणाऱ्या कुत्र्याकडे कुणी बघत नाही. ओव्हरराइडचं (इशारा डावलून पुढे जायचं) बटण मग बोटाच्या सवयीचं होतं.

आमच्याकडे दर शनिवारी ओव्हरराइडची यादी काढतो. रुग्ण, टेक्नॉलॉजिस्ट, कारण. दोष द्यायला नाही. एकाच रुग्णाचे तीन ओव्हरराइड दिसले तर बहुधा वजन उतरलेलं असतं, मास्क सैल झालेला असतो आणि नवं सीटी करायची वेळ आलेली असते. दोनदा तर ही यादी डॉक्टरांच्या साप्ताहिक तपासणीच्या आधी बोलली. कारणाच्या रकान्यात 'ओके' लिहायला मात्र बंदी.

पायरी सातवी: मोडून पाहा

पहिला खरा रुग्ण घेण्याआधी फँटम (रुग्णाच्या जागी ठेवायचा चाचणीचा पुतळा) घ्या, त्याची नोंदणी खिडकीवरून करा आणि त्याला पूर्ण प्रवास घडवा. चाचणीच्या रुग्णांची नावं अशी ठेवा की कुणी फसणार नाही. आमच्याकडे ती फळांची आहेत. 'सीताफळ टेस्ट' आजही प्रणालीत आहे.

मग मुद्दाम त्रास द्या. प्लॅन पाठवताना नेटवर्कची तार काढा. १४० मॉनिटर युनिटपैकी (मशीन किती किरण सोडतं त्याचं माप) साठेक झाल्यावर बीम थांबवा. प्रणालीने उरलेली युनिटं दाखवायला हवीत, पूर्ण १४० नाहीत. मध्येच प्रिस्क्रिप्शन बदला आणि जुनी मंजुरी आपोआप रद्द होते का ते पाहा. बूस्ट (गाठीच्या जागेला जादा डोस) जोडा. दोन टेक्नॉलॉजिस्टना एकाच रुग्णाची फाइल एकदम उघडायला सांगा. हवा तो निकाल येईपर्यंत थांबा, मग व्यवस्थापन कितीही घाई करो.

पायरी आठवी: बदलाचा दिवस

जुन्या प्रणालीवरून नवीवर जाताना उपचार चालू असलेले रुग्ण मध्येच हलवू नका. त्यांना जुन्यावरच संपवू द्या. एका ठरलेल्या सोमवारपासून नवे रुग्ण नव्यावर. पाच-सहा आठवडे दोन्ही चालतात आणि हाच सगळ्यात धोक्याचा काळ. स्टोक आणि ग्लासगो आठवा. एकेक मशीन एकेका प्रणालीचं ठेवता आलं तर उत्तम. नाही जमलं तर प्रत्येक फाइलीवर ठळक रंगाची पट्टी लावा. आम्ही भगवी आणि हिरवी लावली होती. त्यावर झालेले विनोद इथे लिहीत नाही.

कागदी फॉर्म कधी बंद होणार याची तारीख आधीच जाहीर करा. 'असू दे, सोबतीला' म्हणून ठेवलेला फॉर्म दोन महिन्यांत पुन्हा मुख्य होतो.

पायरी नववी: वेळापत्रक

डोके-मान आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार लांबला तर दर दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने उतरते. म्हणून प्रणालीत रुग्णांचे गट करा: ज्यांचा खंड अजिबात चालत नाही, ज्यांचा थोडा चालतो, आणि ज्यांना फक्त आराम म्हणून शेक आहे. मशीन बंद पडलं की पहिल्या गटाची यादी एका क्लिकवर हवी.

पुण्यात यंत्रबिघाडाइतकेच दोन प्रसंग महत्त्वाचे. आषाढी वारीत दोन्ही पालख्या शहरात मुक्कामी असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेकडचे रस्ते बंद. विसर्जनाची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ह्या तारखा पंचांगात आधीच दिसतात, त्या वर्षाच्या सुरुवातीलाच प्रणालीत टाका. पहिल्या गटाला अलीकडच्या शनिवारी बोलवा, नाहीतर एका दिवशी दोन फ्रॅक्शन द्या, मध्ये किमान सहा तास ठेवून. आणि रुग्णाला तारीख मराठीत, कागदावर द्या. लेकाच्या फोनवर गेलेला एसएमएस म्हातारीपर्यंत पोचेलच असं नाही.

पायरी दहावी: बंद पडलं तर

१४ मे २०२१ रोजी आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि तिथल्या सरकारी हॉस्पिटलांतली रेडिओथेरपी थांबली; काही रुग्णांना खासगी हॉस्पिटलांत हलवावं लागलं. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सुमारे दोन आठवडे बंद होते. आपल्यावर येणार नाही असं मानायला कारण नाही.

रोज संध्याकाळी दोन गोष्टी छापा: उद्याची यादी, आणि उपचार चालू असलेल्या प्रत्येक रुग्णाचं झालेल्या फ्रॅक्शनांचं पान. तेवढ्यावर निदान 'आज कितवं' हे कळतं. प्रणालीशिवाय मशीन चालवायची पद्धत कंपनीकडून लेखी घ्या, पण मॉनिटर युनिट हाताने भरून उपचार करायचा मोह टाळा. चुकीच्या डोसपेक्षा एक दिवस खंड पडलेला परवडतो. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली आणि हॉस्पिटलबाहेर असावी. वर्षातून दोनदा ती खरोखर परत चढवून पाहा. न चढवलेला बॅकअप हा बॅकअप नसून समजूत असते.

कंपनीच्या इंजिनियरला दूरून जोडणी द्यायची ती मागितल्यावर, वेळ बांधून. सतत उघडी नको.

पायरी अकरावी: कायदा आणि योजना

इथे थोडक्यात. अणुऊर्जा नियामक मंडळाचे परवाने ई-लोरा पोर्टलवरून होतात. क्यूएच्या नोंदी आणि अनपेक्षित घटनांची माहिती रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरला मागता क्षणी काढता यावी. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात घेऊन कुणी कुणाची फाइल उघडली याची नोंद चालू ठेवा आणि सामायिक लॉगिन बंद करा. 'टेक १' नावाने पाच जण काम करत असतील तर चूक कुणाची ते कधीच कळत नाही. महात्मा फुले योजनेच्या दाव्याला लागणारा उपचाराचा तक्ता प्रणालीतूनच काढा. तो एक्सेलमध्ये वेगळा बनू लागला की बाराव्यांदा टाइप करणं सुरू झालं म्हणून समजा.

पायरी बारावी: सात वर्षांनी

रुग्ण परत येतो. त्याच जागी, नाहीतर शेजारी, पुन्हा आजार. पहिला प्रश्न असतो, मागे किती डोस दिला होता आणि नेमका कुठे. 'मानेला ६६ ग्रे' एवढं डिस्चार्ज कार्डावर असतं, पण कण्याला किती गेला ते नसतं. म्हणून जुनी प्रणाली बंद करण्याआधी प्रत्येक रुग्णाचं सीटी, स्ट्रक्चर, प्लॅन आणि डोस हे चारही डायकॉममध्ये बाहेर काढा आणि नव्या प्रणालीत दहा-वीस रुग्ण उघडून पाहा. काही फाइली उघडणार नाहीत. त्या आत्ताच कळू द्या.

आमच्या दुसऱ्या खेपेला हे राहिलं. जुनी प्रणाली चालवणारा एक संगणक अजून स्टोअर रूममध्ये, प्लास्टिकच्या चादरीखाली आहे. महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन तो चालू करतं, पंखा वाजतो, पडदा उजळायला सात मिनिटं लागतात. पासवर्ड मॉनिटरच्या मागे चिकटवलेला आहे.